पिकअपचं सस्पेन्शन किट निवडायचंय? आधी काट्यावर जाऊन या

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर. पुढे लोखंडी बंपर बसवून घेतलेला. हंगामात हौद्यात क्रेट, खताच्या गोण्या, फवारणीच्या औषधांचे ड्रम. बाकी दिवस गाडी बहुतेक रिकामीच पळते. सवड मिळाली की मित्रांबरोबर साल्हेरच्या बाजूला, वैतरणेच्या पाण्याकाठी, पावसात हरिहरच्या पायथ्याकडे जातात. पुढेमागे लडाखही मनात आहे. तक्रार तीन वाक्यांची: रिकामी असली की मागून उडते, भरली की मागून बसते आणि खडकाळ वाटेवर पोट घासतं. एका दुकानाने बाहेर वेगळी टाकी असलेल्या शॉकअपसह तीन इंची लिफ्टचं, म्हणजे गाडी तीन इंच उंच करणारं, महागडं किट सुचवलंय. दुसऱ्या गॅरेजने पुढे स्पेसर (उंचीसाठीची चकती) टाकून आणि मागे एकेक पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) वाढवून देतो असं सांगितलंय, अगदी थोड्या पैशांत. दोन्हीपैकी कोणतं घ्यावं, आणि कोणत्या कंपनीचं?

माझ्या मते दोन्ही नको. तुमच्या वापराला ३५ ते ४० मिलिमीटर उंची देणारं, पुढे हलक्या वजनासाठीची कॉइल (गोल स्प्रिंग), मागे मध्यम वजनासाठीचे पूर्ण नवे पाटे आणि चांगल्या बनावटीचे ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेले) शॉकअप असलेलं किट पुरेसं आहे. आणि तो लोखंडी बंपर काढून टाका, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. किट उंची बघून निवडायचं नसतं. गाडीवर कायम किती वजन असतं आणि ती कोणत्या रस्त्यावर चालते, यावरून ते ठरतं. ही दोन उत्तरं हातात नसताना घेतलेलं किट कितीही महाग असलं तरी गाडीला लागू पडेलच असं नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचं काम करा. टायरमधली हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर हवेचा दाब दिलेला असतो आणि बऱ्याच पिकअपला रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. हंगामात माल वाहायचा म्हणून मागच्या चाकांत हवा वाढवली जाते आणि हंगाम संपल्यावर ती कमी करायची राहून जाते. मग रिकामी गाडी खड्ड्यात मागून उसळते आणि दोष पाट्यांवर जातो. स्टिकरवरच्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर हवा आणून आठवडाभर चालवून पाहा. उसळणं पूर्ण थांबणार नाही, पण त्यातलं किती हवेमुळे होतं आणि किती पाट्यांमुळे, हे कळेल.

आता काटा. नाशिक जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. कांदा-टोमॅटोच्या प्रत्येक बाजाराजवळ एक तरी सापडतोच. टाकी फुल करा, रोजचं सामान गाडीत ठेवा, ड्रायव्हर सीटवर राहू द्या आणि तीन पावत्या घ्या: एक पूर्ण गाडीची, एक फक्त पुढची चाकं काट्यावर असताना, एक फक्त मागची. काटेवाला क्षणभर विचित्र नजरेने बघेल, पण देईल. मग हंगामात नेता तेवढा माल भरून याच तीन पावत्या पुन्हा घ्या. या सहा आकड्यांवरून किट विकणाऱ्याशी जे बोलणं होईल, ते कॅटलॉग बघून होणाऱ्या बोलण्यापेक्षा फार वेगळं असेल.

त्याच वेळी आरसीवरचं एकूण वजन आणि रिकामं वजन बघा. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं धरून तुम्हाला मिळालेली मुभा. टोमॅटोचा एक क्रेट २० किलोचा धरला तरी २५ क्रेटचे ५०० किलो होतात, आणि खासगी नोंदणीच्या बऱ्याच डबल कॅब पिकअपची मंजूर क्षमता त्याहून कमी असते. पाटे कितीही भक्कम टाकले तरी आरसीवरचा हा आकडा वाढत नाही. ब्रेक, एक्सल, बेअरिंग, चेसिस सगळं जुन्याच हिशोबाचं राहतं. त्यामुळे किट कशासाठी, तर मंजूर वजन नीट पेलण्यासाठी. जास्त माल न्यायचा असेल तर त्याला वेगळी गाडी लागते.

पाट्यांची ताकद घरच्या घरी मोजता येते, आणि हे मी प्रत्येकाला करायला सांगतो. सपाट फरशीवर गाडी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा, दोन्ही बाजूंनी. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की तो आकडा बदलतो. आता हौद्यात, शक्यतो बरोबर मागच्या एक्सलच्या वर, २० लिटरचे पाण्याने भरलेले १५ जार ठेवा. हे साधारण ३०० किलो झाले. गाडी थोडी पुढे-मागे करून पुन्हा मोजा. समजा मागची बाजू ४० मिलिमीटर बसली, तर दोन्ही बाजूंचे पाटे मिळून मिलिमीटरमागे साडेसात किलो झेलतात. आता समजा किटचे पाटे मिलिमीटरमागे १० किलोचे आहेत आणि रिकामी गाडी ४० मिलिमीटर वर उचलतात. तेच ३०० किलो टाकल्यावर गाडी ३० मिलिमीटर बसेल, म्हणजे भरलेली असूनही पूर्वीच्या रिकाम्या गाडीपेक्षा १० मिलिमीटर वर राहील. तुम्हाला हवं ते इथेच मिळालं. त्याऐवजी कुणी सर्वांत कडक, १५ किलोचे पाटे गळ्यात मारले तर भरल्यावर गाडी झकास उभी राहील. पण तुमची गाडी बहुतेक रिकामी चालते, आणि मग पेठ रोडवरच्या प्रत्येक गतिरोधकाला मागची माणसं छताला लागतील.

म्हणून कायमचं वजन आणि अधूनमधूनचं वजन यांत फरक करायला शिका. लोखंडी बंपर, विंच, हौद्यावरची कॅनॉपी, आतले ड्रॉवर, छतावरचा रॅक ही कायमची ओझी, ती रात्रीही गाडीवरच असतात. क्रेट, गोण्या, तंबूचं सामान हे येतं-जातं. किटच्या कॅटलॉगमध्ये पुढच्या-मागच्या स्प्रिंगसाठी जे वजनाचे टप्पे दिलेले असतात ते कायमच्या ओझ्याचे असतात, आणि घोटाळा नेमका इथे होतो. ग्राहक सांगतो ‘पाचशे किलो नेतो’, विकणारा त्या टप्प्याची स्प्रिंग देतो. प्रत्यक्षात ते पाचशे किलो वर्षातले थोडेच दिवस असतात.

वजन कुठे आहे यालाही महत्त्व आहे. या पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, साधारण ३.१ मीटर. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे, म्हणजे हौद्याच्या शेवटी, १०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर १३२ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे ३२ किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं आणि कसारा घाट उतरताना पुढच्या ब्रेकची पकड घटते. मागे पायऱ्या, जादा स्टेपनीचा स्टँड, पाण्याची टाकी असं काही लटकवायचं असेल तर आधी हा हिशोब करा. ड्रम केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवले तर तेच पाटे तेच वजन पुष्कळ आरामात नेतात.

उंचीबद्दल एक गैरसमज फार रुजलेला आहे. लिफ्ट केली की गाडीचं सगळं खालचं अंग वर जातं, असं लोकांना वाटतं. मागचा एक्सल अखंड आहे, तो चाकांवर बसलेला आहे. पाटे बदलून चेसिस वर जाईल, हौदा वर जाईल, डिझेलची टाकी वर जाईल. पण डिफरन्शियलचा, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरांचा, गोळा जमिनीपासून जिथे होता तिथेच राहील. तो वर नेतो फक्त टायर. २६५/६० आर १८ चा टायर काढून २६५/६५ आर १८ चा बसवला तर व्यास सुमारे २६ मिलिमीटर वाढतो आणि गोळा त्याच्या निम्मा, १३ मिलिमीटर, वर जातो. तीन इंची लिफ्टला एवढे पैसे मोजूनही मधला दगड त्या गोळ्याला लागायचा तो लागतोच.

तुमचं ‘पोट घासतं’ म्हणजे नेमकं काय घासतं, ते आधी शोधा. गाडी रॅम्पवर चढवा, टॉर्च घेऊन खाली जा आणि ओरखडे बघा. पुढच्या पत्र्यावर आहेत? साइड स्टेपच्या खालच्या नळीवर? मागच्या टो-हुकवर? पाट्यांच्या खालच्या प्लेटवर आणि पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या लोंबत्या टोकांवर? माझ्या पाहण्यात साइड स्टेप हा सर्वांत जास्त घासणारा भाग आहे. तो काढून चेसिसला बांधलेले मजबूत स्लायडर (दारांखालचे लोखंडी पाइप) बसवले, टो-हुक गरजेपुरताच लावला, तर तक्रार अर्ध्यावर येते. ओरखडे गोळ्यावर असतील तर उत्तर टायरमध्ये आहे, आणि थोडं चालवण्यात. चाक दगडावर घ्यायचं, दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही.

पुढच्या बाजूला मात्र उंचीची किंमत मोजावी लागते. व्ही-क्रॉस असो वा टोयोटाची हायलक्स, पुढे डबल विशबोन आहे: वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये कॉइलसह शॉकअप, आणि पुढच्या डिफरन्शियलकडून चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट. गाडी वर उचलली की आर्म खाली झुकतात. वरचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) आपल्या मर्यादेच्या जवळ जातो, शाफ्टचा जॉइंट जास्त कोनात फिरायला लागतो, त्यावरचं रबरी बूट घासून फाटतं आणि मग आत चिखल शिरतो. वैतरणेच्या काठचा गाळ एकदा त्या जॉइंटमध्ये गेला की ग्रीस टिकत नाही, आणि पूर्ण वळणावर कटकट आवाज यायला लागतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) कमी होतो. कॅस्टर कमी झाल्याचं गावात जाणवत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर नव्वदच्या पुढे गेलात की जाणवतं: स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही, गाडी सारखी इकडे-तिकडे सरकते, हात सतत दुरुस्ती करत राहतात. ४० मिलिमीटरपर्यंत हे कोन बहुतेक वेळा मूळ आर्मवरच अलाइनमेंटने जुळवता येतात. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. तिथे वेगळे अप्पर आर्म लागतात, पुढचा डिफरन्शियल खाली घ्यावा लागू शकतो, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणलेली नाही ना ते बघावं लागतं. मागे दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असतो; जास्त उचलल्यास त्याच्या मधल्या बेअरिंगचा कोन बिघडतो आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी जागेवरून काढताना खालून थरथर येते. तुम्हाला मिळालेल्या अंदाजपत्रकात यातलं काही लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर ते खर्च नंतर येणार आहेत.

आणखी एक गोष्ट आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. शॉकअपचा एकूण प्रवास ठरलेला असतो. गाडी जितकी वर उभी कराल तितकी चाकाला खाली जायला जागा कमी उरते. खडकात एक चाक खड्ड्यात जातं तेव्हा ते खाली जाऊन जमीन पकडायला हवं. जागा नसेल तर ते हवेत लटकतं, आणि हवेतल्या चाकाने गाडी पुढे जात नाही. फोटोत उंच दिसणाऱ्या कितीतरी गाड्या साध्या नाल्यात तीन चाकांवर उभ्या राहतात त्या यामुळे.

स्पेसरमध्ये त्रास वेगळा आहे. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर लोखंडी किंवा अल्युमिनियमची चकती बसवतात. शॉकअप आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेला असल्यामुळे २५ मिलिमीटरची चकती चाकाजवळ साधारण ४५-५० मिलिमीटर उंची देते. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, म्हणजे वजन पेलण्यात काडीचा फरक नाही. मूळ रचनेत चाक किती खाली जाईल हे शॉकअपची लांबी ठरवते. चकतीमुळे तो पूर्ण संच खाली सरकतो आणि चाक कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या खाली जायला लागतं. बॉल जॉइंट आणि शाफ्टला तो धक्का प्रत्येक खड्ड्यात बसतो. थोडे पैसे वाचवणारी गोष्ट आहे, पण ऑफ-रोडला जाणाऱ्या गाडीत मी ती बसवत नाही.

मागे पाटा वाढवण्याचा सल्ला मात्र मी सरसकट उडवून लावणार नाही. आपल्याकडचे पाटे बांधणारे कारागीर ट्रकचे पाटे उलगडून, भट्टीत कमान देऊन पुन्हा बांधतात. हे कसब पिढ्यांचं आहे. रोज माल वाहणाऱ्या पिकअपला एक पाटा वाढवणं हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय ठरू शकतो. तुमच्यासाठी तो बसत नाही, कारण जादा पाटा जुन्या, थकलेल्या पाट्यांच्या जोडीला येतो. ताकद वाढते पण लवचीकता जाते, पाटे एकमेकांवर घासून अडतात, आणि रिकाम्या गाडीचं उसळणं वाढतं. किटच्या पाट्यांत जास्त संख्येने पण पातळ पाटे असतात, टोकांना निमुळते केलेले. मध्ये नायलॉनच्या पट्ट्या असतात म्हणून घर्षण कमी. खालचे कडक पाटे वजन पडल्यावरच कामाला लागतात, म्हणून रिकामी गाडी मऊ राहते आणि भरलेली तग धरते. मेन पाट्याच्या डोळ्याभोवती दुसऱ्या पाट्याचं टोक वळवलेलं आहे का, तेही बघा. मेन पाटा डोळ्यापाशी तुटला तर हा दुसरा पाटा एक्सल जागेवर धरून ठेवतो, आणि घाटात त्याचा अर्थ फार मोठा आहे.

पाट्यांच्या वर हवेच्या पिशव्या बसवायचा सल्लाही कुणी देईल. पिकअपला मी त्या सहसा सुचवत नाही. पाटे वजन चेसिसला दोन लांबच्या टोकांवर देतात. पिशवी तेच वजन एक्सलच्या वर एका बिंदूवर देते. हौद्याच्या शेवटी वजन, पिशवीत दाब आणि खाली खड्डे असलेला रस्ता असं एकत्र आलं की चेसिस वाकू शकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब गाड्यांच्या बाबतीत हा प्रकार चांगलाच माहितीचा आहे.

आता शॉकअप. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप तिच्या उसळीला लगाम घालतो. स्प्रिंग बैल आहे तर शॉकअप हा कासरा. बैल ताकदीचा आणला आणि कासरा जुनाच ठेवला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. कडक पाटे टाकून कंपनीचेच शॉकअप ठेवणाऱ्यांची गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा झुलते ती यामुळे. म्हणून स्प्रिंग एका कंपनीची, शॉकअप दुसऱ्या कंपनीचे, अशी मोट सहसा बांधू नका. एकाच किटमधले, एकमेकांसाठी जुळवलेले घ्या.

ट्विन-ट्यूबमध्ये नळीत नळी असते: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि कमी दाबाचा वायू. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तिच्यात पिस्टन आणि एका तरंगत्या चकतीपलीकडे साधारण २० ते ३० बार दाबाचा नायट्रोजन. मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि तेलात फेस होऊ देत नाही. बाहेर टाकी असलेला शॉकअप म्हणजे याच तत्त्वाला तेल आणि वायूसाठी मिळालेली जादा जागा. हे सगळं खरं आहे, पण याचा उपयोग कधी? तासन्‌तास वेगाने, बारीक लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी पळते तेव्हा. शॉकअप मिनिटाला शेकडो वेळा वर-खाली होतो, तेल तापतं, पातळ होतं, आणि मग तो नुसता नळीचा तुकडा उरतो. लडाखमधल्या काही पट्ट्यांवर किंवा कच्छच्या रणात हे होऊ शकतं.

सह्याद्रीत आपण कसं चालवतो? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, लो-रेंजला, काळ्या बेसॉल्टच्या दगडांवरून, माणसाच्या चालीने. इथे शॉकअप तापत नाही. इथे त्याला दगड लागतो. मोनोट्यूबच्या नळीला बाहेरून पोचा पडला तर पिस्टन त्याच नळीत फिरत असल्याने तो तिथेच अडतो आणि शॉकअप गेला. ट्विन-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली नळी शाबूत असते. गाडी घरी येते. तुमच्या वापरासाठी मी ट्विन-ट्यूबकडे झुकतो ते या कारणाने. लडाखची एक सहल आली तरी हरकत नाही; लाटांच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा, टायरची हवा थोडी उतरवा, मध्ये थांबून शॉकअपजवळ हात नेऊन बघा, लावू नका, चटका बसेल.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचं ओल्ड मॅन इमू, त्याच देशातली आयर्नमॅन आणि टफ डॉग, जर्मनीची बिल्स्टाइन, थायलंडची प्रोफेंडर ही पिकअपवाल्यांत चालणारी नावं. ओल्ड मॅन इमूचे नायट्रोचार्जर ट्विन-ट्यूब आहेत, बीपी-५१ मोनोट्यूब आणि बाहेरून जुळवता येणारे. बिल्स्टाइनची ओळखच मोनोट्यूबची. ऑस्ट्रेलिया आणि थायलंड दोन्हीकडे पिकअप म्हणजे रोजची गाडी, त्यामुळे तिथल्या किटमध्ये वजनाचे टप्पे नीट केलेले मिळतात. त्यातलं एकच नाव पुढे करायची माझी इच्छा नाही. विकणाऱ्याला हे विचारा: माझ्या काट्याच्या पावत्या बघून कोणत्या क्रमांकाची स्प्रिंग द्याल? पुढची डावी-उजवी स्प्रिंग वेगळी आहे का? दोन वर्षांनी एकच शॉकअप किंवा बुशचा (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचा) संच मागितला तर मिळेल का? पहिल्या प्रश्नाला ‘सगळ्यांना हीच बसवतो’ असं उत्तर आलं तर चहा घेऊन निघा.

लोखंडी बंपरचा विषय. असा बंपर ४०-५० किलोच्या घरात सहज जातो आणि तो पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकतो. तो ठेवायचा तर पुढची स्प्रिंग कडक घ्यावी लागते, काढला तर हलकी पुरते. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलेलं आहे. पादचाऱ्याला होणारी इजा वाढते आणि आतल्या माणसांचाही धोका वाढतो, कारण बंपर आडवा आला की एअरबॅग उशिरा उघडू शकते. पावसाळ्यात अंधारात पिकअप चालवताना एअरबॅग वेळेवर उघडणं मला त्या लोखंडापेक्षा मोलाचं वाटतं.

किटलाही कायद्याची बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन इंच उचललेली गाडी लांबूनच नजरेत भरते. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरकडून उत्तर घ्या, आणि काढलेले मूळ पाटे-शॉकअप तेल लावून गोठ्यात जपून ठेवा.

बसवण्यावर निम्मं यश असतं, आणि इथे तुम्ही स्वतः हजर राहा. कॉइल दाबायला योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरच हवा. दोरी, साखळी, हुक असले उद्योग चालू असतील तर तिथून गाडी काढा, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो. यू-बोल्ट नवेच, जुने परत वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तीच पकड देत नाही. आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारी गोष्ट: आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसायचे नाहीत. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन-चार वेळा हलवा, मग टॉर्क रेंचने कसा. लटकत्या अवस्थेत कसलं तर रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग ‘किट बेकार निघालं’ अशी तक्रार येते. काही पिकअपला मागच्या एक्सलवरून चेसिसकडे जाणारा एक छोटा दांडा असतो, वजनाप्रमाणे मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा. गाडी उचलल्यावर त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. तुमच्या गाडीला तो असेल तर नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्या. हेडलाइटचा झोतही खाली घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि त्याची छापील पावती घ्या, कॅस्टरच्या आकड्यासह. नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवून ‘झालं’ म्हणणारे बरेच भेटतात. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या. १,००० किलोमीटरपर्यंत पाटे आणि कॉइल थोडे बसतात, पाच-दहा मिलिमीटर. ते साहजिक आहे. तेव्हा चाकाचा मध्य ते मडगार्ड हे चारही आकडे परत मोजा आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा. डावी-उजवीत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर विकणाऱ्याला लगेच दाखवा, वर्षाने नाही.

पावसाळ्यात पाण्यातून किंवा गाळातून आल्यावर पाट्यांच्या मधली माती पाण्याच्या जोराने काढा आणि शॅकलला (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या पट्टीला) ग्रीसचं निपल असेल तर नवं ग्रीस दिसेपर्यंत पंप करा. आपली काळी माती वाळली की पाट्यांमध्ये घट्ट बसते, आणि आतले खडे नायलॉनच्या पट्ट्या खातात. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलसरपणा दिसला तर घाबरू नका, पुसा आणि चार दिवसांनी बघा. धूळ चिकटून ओघळ खाली आलेला असेल तर सील गेलं आहे, तो बदलावा लागेल, आणि त्याच एक्सलचा दुसराही त्याच वेळी बघून घ्या. द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे सगळं बसवून, दोनदा मोजून मोकळे व्हा. ऐन काढणीत गाडी गॅरेजला अडकवू नका.